गटारीनंतरचा तिसरा दिवस

संदेश दारू सोडू शकतो, याबद्दल खोपटच्या त्या तीन मजली बिल्डिंगमध्ये कुणाचंच दुमत नव्हतं. दर वर्षी सोडायचाच की! आषाढी अमावास्येला, म्हणजे आपल्या गटारीला, मित्रांबरोबर आडवा होईस्तोवर प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला की आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, तांब्या घेऊन शंकराच्या देवळात हजर. महिनाभर ना थेंब, ना अंडं, ना मासळी. 'जो महिनाभर सोडू शकतो तो बेवडा कसला?' असं तोच सगळ्यांना विचारायचा, आणि समोरच्याला पटकन उत्तर सुचायचं नाही. उत्तर तसं सोपं होतं. ते श्रावण संपल्यावर मिळायचं. पण तेव्हा विचारायला कोण बसलंय!

त्याच्या बायकोला, वैशालीला, हे उत्तर पाठ होतं. तरी दर श्रावणात तिला आशा लागायची. माणूस आशेवर किती वर्षं काढतं याला काही धरबंधच नाही. घरात एक मुलगी, सान्वी, चौथीतली. संदेश वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर. मालक त्याच्या हातावर खूश आणि त्याच्या तोंडाच्या वासावर नाखूश. पण यंदा प्रकरण पुढे गेलं होतं. आता त्याला संध्याकाळची वाट बघवत नव्हती. सकाळी चहाच्या आधी मोरीत जाऊन, सान्वीच्या जुन्या पाण्याच्या बाटलीतून दोन-चार घोट मारले की मगच त्याचा हात दाढी करण्याइतका स्थिर व्हायचा. वैशालीला ते माहीत होतं. मागच्या श्रावणात आणि यंदाच्या श्रावणात हाच काय तो फरक होता. तो फरक जीवघेणा आहे हे सांगणारं मात्र तिच्या आजूबाजूला कुणी नव्हतं.

श्रावणाच्या पहिल्या सकाळी तिने देवासमोर पाट मांडला, संदेशला बसवलं, त्याच्या पुढ्यात सान्वीला बसवलं आणि त्याचा हात धरून पोरीच्या डोक्यावर ठेवला.

"आता म्हण. श्रावणापुरतं नाही, कायमचं."

"अगं, पोरीच्या डोक्यावर कशाला?"

"मग कुणाच्या? माझी शपथ घेऊन किती वेळा मोडलीस ते तूच सांग."

संदेशने डोळे मिटले आणि घेतली शपथ. सान्वीला वाटलं, काहीतरी पूजा आहे. तिने हात जोडले. मग वर बघून म्हणाली, "बाबा, तुम्हाला थंडी वाजतेय का? तुमचा हात हलतोय."



नंतर संदेशनेच बायकोला बाजूला घेतलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याच्याइतका प्रामाणिक माणूस अख्ख्या ठाण्यात नसेल. "हे बघ, मी खाली उतरलो की संपलं. डेपोसमोर दुकान आहे, कोपऱ्यावर दौलत बाटली घेऊन उभा असतो. तू बाहेर जाशील तेव्हा कुलूप लावून जा. मी ओरडेन, पाया पडेन, उघडू नकोस. आणि दौलत वगैरे कोणी आलं तर मी आतून कडी लावून बसेन. कुणालाच उघडणार नाही."

"कुणालाच म्हणजे कुणालाच," वैशाली म्हणाली. "माझाही भरवसा धरू नकोस. मी मऊ पडते. उद्या मी दारात उभं राहून 'उघड' म्हटलं तरी उघडायचं नाही. कबूल?"

"कबूल."

दोघं हसले. किती दिवसांनी हसले! वैशालीला तर इतकं बरं वाटलं की तिने दुपारी खीर केली. ती संदेशच्या पोटात टिकली नाही, ही गोष्ट वेगळी.

आता बिल्डिंगला काय सांगायचं? श्रावण लागला आणि संदेश देवळात नाही, कामावर नाही, घराला कधी कुलूप, कधी नाही, लोक विचारणारच. तळमजल्यावर सीतारामकाका राहायचे, एसटीतून रिटायर झालेले, बिल्डिंगचे सेक्रेटरी. इतका कडक माणूस की त्यांच्या चपलांचा आवाज आला की जिन्यातली पोरं मोबाइल खिशात घालायची. गेल्या शिमग्याला त्यांनी झोकांड्या खाणाऱ्या संदेशला सगळ्यांदेखत पायरीवर बसवून ठेवलं होतं आणि एक शब्द न बोलता शेजारी उभे राहिले होते. तो अपमान वैशालीच्या मनातून गेला नव्हता. तिने सरळ ठोकून दिलं, "गावी गेलेत. संगमेश्वरला. लावणी राहिलीय ना." शालनकाकू, म्हणजे सीतारामकाकांच्या बायको, म्हणाल्या, "बरं झालं, तेवढीच हवा बदलेल." खोटं पचलं. खोटं पचलं की माणसाला आपण शहाणे झालो असं वाटतं, वैशालीलाही वाटलं.

पहिल्या दिवशी संदेशला घाम फुटत राहिला. गादी भिजली. उलट्या झाल्या. वैशालीला वाटलं, विष बाहेर पडतंय, पडू दे. दर वर्षी थोडं असं व्हायचंच. तिने लिंबू-पाणी दिलं, पंखा लावला, ओल्या फडक्याने पाठ पुसली आणि दर वेळी म्हणत राहिली, "जिंकलास. अजून थोडं."

दुसऱ्या दिवशी तो झोपलाच नाही. त्याचे डोळे लाल, पण गुंगीत नाहीत, भलतेच जागे. तो चादरीवरून काहीतरी वेचत होता. चिमटीत धरायचा आणि जमिनीवर टाकायचा.

"काय वेचतोयस?"

"मुंग्या आहेत ना. बघ की."

चादर स्वच्छ होती. कालच बदललेली. वैशालीने तरी झटकली. तो लहान मुलासारखा तिच्याकडे बघत राहिला, मग हळूच म्हणाला, "गेल्या." आणि लगेच मोरीच्या दिशेला मान वळवून, "दौलत, तू आत कसा आलास रे?"

मोरीत कुणी नव्हतं.

सान्वी दाराच्या चौकटीला चिकटून हे सगळं ऐकत होती. वैशालीने तिच्या दप्तरात चार कपडे कोंबले आणि बहिणीला, मायाला, फोन केला. माया डोंबिवलीला राहायची. दुपारी येऊन भाचीला घेऊन गेली. "भावजींना काय झालंय?" "ताप." ताप! या घरात प्रत्येक गोष्टीला दुसरं नाव होतं. माया गेली, दार लागलं, आणि वैशालीला आपल्या घरात एकटं राहायची भीती वाटली. नवरा शेजारी असून.

डेपोच्या भिंतीवर एक नंबर रंगवलेला होता. दारू सोडलेली माणसं एकत्र बसतात, फुकट, नाव सांगायची सक्ती नाही, असं काहीसं खाली लिहिलेलं. येता-जाता दिसायचा. वैशालीने कधीपासून तो मोबाइलमध्ये 'गॅसवाला' म्हणून साठवून ठेवला होता. त्या संध्याकाळी तिने गॅलरीत उभं राहून गॅसवाल्याला फोन लावला.

पलीकडचा माणूस हळू बोलणारा होता. "ताई, तुम्ही खोपटच्या का? मग सोपं आहे. डेपोच्या मागे म्युनिसिपालिटीची शाळा आहे ना, तिथे आपली मीटिंग असते. उद्याच आहे. घरातल्यांनीही यायला हरकत नाही."

ती शाळा वैशालीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायची. सान्वी तिथेच शिकत होती.

"जवळचं नको," ती म्हणाली. "लांबचं कुठलं आहे?"

"लांबचं? उद्या कल्याणलाही आहे. पण ताई—"

"कल्याणचा पत्ता द्या."

त्याने दिला. मग विचारलं, "ते रोज घेतात का? सकाळपासून? शेवटचं कधी घेतलं त्यांनी?"

झालं! वैशालीला वाटलं, आला चौकशीवर. नाव विचारत नाही म्हणतात आणि सगळी कुंडली काढून घेतात. तिने "मीटिंगला आल्यावर सांगते" म्हणून फोन ठेवला. पुन्हा रिंग वाजली, तिने कापली. अहो, तो माणूस चौकशी करत नव्हता. तो एकच गोष्ट विचारत होता, जी विचारायलाच हवी होती. पण ज्याला आयुष्यभर लपवायची सवय लागलेली असते, त्याला साधा प्रश्नही पोलिसाचा वाटतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिने कुलूप हातात घेतलं तेव्हा संदेश खाटेवर ताठ बसलेला होता. अंगाला हात लावला तर तापलेलं. जीभ जाड झाल्यासारखा बोलत होता. तिला क्षणभर वाटलं, आज जाऊ नये. मग वाटलं, आज नाही गेले तर हा परत पिईल आणि मग पोरीचं— तिने पुढचा विचार केलाच नाही. पोरीच्या डोक्यावरचा हात तिनेच ठेवला होता ना.

"मी येते. तीन-चार तासांत. पाणी इथे ठेवलंय, पेज झाकून ठेवलीय."

"ते खिडकीखाली उभे आहेत," संदेश म्हणाला.

"कोणी नाही."

"बाटल्या घेऊन आलेत. पण मी नाही उघडणार. तू जा. मी कुणाच्या बापाला उघडणार नाही."

ती बाहेर आली. आतून कडी लागल्याचा आवाज आला. मग काहीतरी जड सरकल्याचा. तिने बाहेरून कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं आणि जिन्यातून मान खाली घालून उतरली.

ट्रेनने बिल्डिंगमधलं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून तिने डेपोतून कल्याणची एसटी धरली. वाटेत खड्डे, ट्रॅफिक, पावसाची चिकचिक. भिवंडी बायपासला गाडी इतका वेळ उभी राहिली की कंडक्टर खाली उतरून चहा पिऊन आला. वैशालीने संदेशला फोन केला. वाजून वाजून बंद झाला. झोपला असेल, ती मनाशी म्हणाली. तीन दिवस डोळ्याला डोळा नाही, झोपलाच असेल. पुन्हा लावला नाही. झोपमोड कशाला करायची?

कल्याणला शाळेचा वर्ग होता. बुटके बाक, फळ्यावर कुणीतरी अर्धवट पुसलेले पाढे, कोपऱ्यात स्टीलची किटली. वीसेक माणसं असतील. मीटिंग घेणारी नीरजा नावाची बाई होती, पन्नाशीची, शिक्षिकेसारखी. "या. चहा घ्या. इथे आडनाव लागत नाही. इथे ऐकलेलं इथेच ठेवायचं, एवढा एकच नियम. बोलायचं नसेल तर नुसतं बसा."

वैशाली मागच्या बाकावर बसली, कप तोंडाला लावला, नजर वर केली. खिडकीजवळच्या बाकावर, पांढरा झब्बा, खिशाला पेन, सीतारामकाका!

दर आठवड्याला काका कल्याणला भजनाला जातात, हे बिल्डिंगमधल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यांनीही तिला बघितलं. दोघांनी एकाच वेळी मान वळवली. ती फळ्याकडे बघायला लागली, ते खिडकीबाहेर. घराला लागून मीटिंग असताना ही दोन माणसं एकमेकांना चुकवायला एवढ्या लांब आली होती आणि एकाच वर्गात येऊन बसली होती. हसावं की रडावं?

वैशालीच्या डोक्यात एकच. आता हे विचारणार, संदेश कुठाय. 'गावी गेलेत, लावणीला' हे ती मनात घोकत राहिली.

एकेक जण उठून बोलत होतं. मग एक चाळिशीचा माणूस उठला. "मी प्रेम. मी अल्कोहोलिक." सगळे म्हणाले, "नमस्कार, प्रेम."

"आज माझं नाही सांगत. भावाचं सांगतो. श्रावण लागला ना, म्हणून आठवतंय. माझा धाकटा भाऊ, सर्वेश. खडवलीला असायचा. माझ्यापेक्षा जास्त प्यायचा, सकाळपासून. एका गटारीनंतर आईने त्याला देवासमोर बसवलं. सोडली त्याने. एका झटक्यात. आम्ही पेढे वाटलेले. पहिल्या दिवशी घाम, उलट्या. आम्ही म्हटलं, घाण निघतेय. दुसऱ्या दिवशी त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले. कोण कोण खोलीत आलंय म्हणायचा. आईने भगत आणला. आम्ही त्याला खोलीत बंद केला, पळून जाऊन पिईल म्हणून."

प्रेम दोन घोट पाणी प्यायला.

"तिसऱ्या दिवशी त्याला फिट आली. आम्ही दार उघडलं तेव्हा सगळं झालेलं. डॉक्टर काय म्हणाले माहितीये? म्हणाले, दारूने नाही गेला, दारू अशी एकदम तोडल्याने गेला. शरीराला रोजची सवय असते. औषधं देऊन, दवाखान्यात ठेवून हळूहळू काढावी लागते. एक दिवस आधी आणला असता तर वाचला असता. मला कुणी सांगितलंच नव्हतं. तुम्ही कुणाला सांगत असाल तर हे आधी सांगा. एकट्याने घरात—"

वैशाली उभी राहिली होती. तिला कळलंच नाही कधी. कप खाली पडला होता.

"मुंग्या," ती म्हणाली. "चादरीवर मुंग्या दिसतात. नसलेल्या. त्यालाही तेच का?"

नीरजा पुढे आली. "कुणाला दिसतात? शेवटचं कधी घेतलंय?"

"गटारीला."

"आता कुठे आहेत ते?"

आता सांगायचं होतं. खरं तर एवढंच सांगायचं होतं. आणि बघा माणसाची जात कशी! नवऱ्याचा जीव टांगणीला लागलाय हे समोर दिसत असताना वैशालीच्या तोंडातून निघालं, "गावी..." सवयीने! खिडकीपाशी सीतारामकाका उठले होते. त्यांचं आपल्याकडे लक्ष आहे हे तिला जाणवलं आणि तिची तिलाच इतकी शिसारी आली की ती ओरडलीच.

"नाही! काका, गावी नाही गेला तो! वरती आहे, घरात. मी बाहेरून कुलूप लावून आलेय!"

सीतारामकाकांनी एक शब्द विचारला नाही. फोन काढून घरी लावला, स्पीकरवर. शालनकाकू म्हणाल्या, "अहो, मीटिंग चालू असेल ना, मध्येच फोन कसा?" म्हणजे काकांच्या 'भजनाचं' काकूंना सगळं ठाऊक होतं, या बिल्डिंगमध्ये खोटं बोलणारी वैशाली एकटी नव्हती.

"शालन, ऐक. रतनला हाक मार. वैशालीच्या दाराचं कुलूप तोडायला सांग. संदेश आत आहे. आजारी आहे."

"अहो, तो गावी—"

"आत आहे!"

"अगं बाई गं," काकू म्हणाल्या. "म्हणून दुपारपासून आवाज येतोय? आम्हाला वाटलं, हिने टीव्ही चालू ठेवलाय."

नीरजा दुसऱ्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्सला खोपटचा पत्ता सांगत होती. वैशाली सीतारामकाकांच्या फोनकडे बघत उभी होती. जिन्यातली पावलं, रतनचा आवाज. रतन गल्लीत वेल्डिंगचं काम करायचा. हातोड्याचे दोन घाव. कुलूप तुटलं. मग, "आतून कडी आहे, काका. आणि कपाट लावलंय मागे. संदेश! ए संदेश! मी रतन!"

आतून काहीतरी बडबड.

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, बाटली घेऊन जा. मी घेणार नाही." रतनचा आवाज घाबरलेला. "काका, तो भलतंच बोलतोय. वहिनीला बोलायला लावा."

शालनकाकूंनी फोन दाराला लावला. वैशाली दोन्ही हातांनी सीतारामकाकांचा मोबाइल धरून बोलली, "संदेश, मी आहे. दार उघड."

आतली बडबड थांबली.

"कोण?"

"मी. वैशाली."

"वैशाली घरात नाही. बाहेर गेलीय."

"तीच मी. फोनवर आहे. कपाट सरकव. काकू आल्यात, रतन आलाय. आपल्याला दवाखान्यात जायचंय."

आतून हसू आलं. बारीक, खुशीतलं. "दौलत, बायकांचा आवाज काढू नकोस साल्या. मी फसणार नाही. माझी बायको असं सांगणारच नाही. ती म्हणालीय, मी सांगितलं तरी उघडू नकोस. माझी बायको लई कडक आहे. तुला नाही माहीत."

त्या आवाजात अभिमान होता हो! बायकोबद्दलचा अभिमान. वैशालीने बारा वर्षांत तो कधी ऐकला नव्हता आणि ऐकला तो असा.

"संदेश, शपथ सुटली!" ती किंचाळली. "सान्वीची शपथ सुटली! मीच घातली, मीच सोडवते. सुटली, सुटली, सुटली! ऐकतोयस ना? दार उघड!"

लहानपणी आपण म्हणतो ना, तसं. वीस परक्या माणसांसमोर ती तसं म्हणत होती आणि कुणालाही त्याचं हसू आलं नाही.

मग संदेशचा आवाज, अगदी दाराजवळून, हळू. "शपथ सुटली असं फक्त दारूच म्हणेल."

मग धाडकन काहीतरी पडलं. भांडी पडली. आणि जमिनीवर टाचा आपटल्याचा आवाज सुरू झाला, एकसारखा, थांबेचना.

"रतन!" सीतारामकाका ओरडले. "बिजागऱ्या काप! काप बिजागऱ्या!"

प्रेमची गाडी खाली उभी होती. त्याने वैशालीला आणि काकांना तीत घातलं. सगळ्या वाटेभर फोन चालू होता. ग्राइंडरचा आवाज, मग दार पडल्याचा, मग काकूंचा, "श्वास आहे. डोक्याला लागलंय, ओट्याचा कोपरा लागलाय. श्वास आहे गं वैशाली." प्रेम गाडी चालवता चालवता एकसारखा म्हणत होता, "श्वास आहे ना, मग झालं." असं त्याने किती वेळा म्हटलं असेल. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो ते पुसत नव्हता.

संदेश वाचला.

हॉस्पिटलमध्ये त्याचे हातपाय बँडेजने कॉटला बांधावे लागले. पहिले काही दिवस तो कुणालाच ओळखत नव्हता. डॉक्टर पोरगेलेसे होते, पण त्यांनी वैशालीला आडपडदा न ठेवता सांगितलं, "या वेळी वाचले. पुन्हा प्यायला लागले आणि पुन्हा असं एकदम बंद केलं तर पुढचं याहून वाईट असेल. त्यांना एकटं सोडू नका. घरात कोंडून तर अजिबात नाही. ग्रुपला जोडून द्या." वैशालीने मान डोलावली. आता सगळं कळलं होतं, आता चुकायचं नव्हतं. वर्कशॉपच्या मालकाला तिने स्वतः फोन करून खरं ते सांगितलं. मायाला सांगितलं. गावी सासऱ्यांनाही सांगितलं. प्रत्येक वेळी जीभ जड व्हायची आणि सांगून झालं की श्वास मोकळा व्हायचा.

आठवडाभराने एका संध्याकाळी संदेश शुद्धीत आला म्हणावा असा आला. बँडेज सोडली होती. भेटायची वेळ होती. शालनकाकू डबा घेऊन आल्या होत्या, रतन आला होता, शेजारच्या कॉटवरच्या म्हाताऱ्याची चार माणसं होती. सीतारामकाका बाहेर व्हरांड्यात बसले होते. संदेशने वैशालीला जवळ बोलावलं.

"दार मी उघडलं का?"

"नाही. रतनने बिजागऱ्या कापल्या."

"म्हणजे मी नाही उघडलं." त्याच्या सुकलेल्या ओठांवर हसू आलं. "बघितलंस? एक थेंब नाही घेतला. एकट्याने करून दाखवलं. तुझ्या त्या मीटिंगबिटिंगची काय गरज आता? बेवड्यांच्यात बसून काय करू मी?"

तो पंख्याकडे बघत पडून राहिला. मग भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात म्हणाला,

"श्रावण संपायला किती दिवस राहिले गं?"

त्या दिवशी कल्याणच्या वर्गात तिला वाटली नव्हती एवढी भीती वैशालीला आता वाटली. दार तुटलं होतं, पण माणूस अजून आतच बसला होता, कपाट लावून. ती उठली, व्हरांड्याच्या दाराशी गेली आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "काका, आत या. ह्याला सांगा तुम्ही कोण आहात ते."

सीतारामकाका आत आले. शालनकाकूंनी पदर तोंडाला लावला. रतन बाजूला सरकला. काकांनी एकदा बायकोकडे बघितलं, मग कॉटच्या पायथ्याशी ताठ उभे राहिले.

"मी सीताराम," ते म्हणाले. "मी बेवडा आहे."

"काका, तुम्ही तर भजनाला जाता," संदेश म्हणाला.

"भजन नव्हतं रे ते. तू पायरीवर बसला होतास ना शिमग्याला, तेव्हा मी तुझ्या शेजारी का उभा होतो माहितीये? बोलायचं होतं. बोललो नाही. लाज वाटली. डिस्चार्ज मिळाला की माझ्याबरोबर चल. आपल्या मागच्या शाळेत. आता मीही तिथेच जाणार आहे."

संदेशने त्यांच्याकडे बघितलं, रतनकडे, काकूंकडे, शेजारच्या म्हाताऱ्याच्या माणसांकडे. ती सगळी टक लावून बघत होती. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"तू सगळ्यांना सांगितलंस?"

"हो," वैशाली म्हणाली. "सगळ्यांना."

"वर्कशॉपमध्ये?"

"तिथेही."

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. काकांनी स्टूल ओढलं आणि बसले. शालनकाकूंनी डबा उघडला, पुन्हा बंद केला. वैशाली कॉटच्या पलीकडे गेली, त्याचा चेहरा दिसावा म्हणून. त्याने डोळे मिटून घेतले होते, जणू झोपलाय. उजव्या हाताचा अंगठा मात्र बोटांच्या पेरांवरून एकेक करून सरकत होता.

"काका," ती म्हणाली, "मोजतोय तो."